फुकट दिसलेली फाइट आणि कर्जात बुडालेला चॅम्पियन: जो लुईसची कहाणी

बॉक्सिंग म्हटलं की आपल्या घरांत एकच नाव निघतं, मुहम्मद अली. कळव्यापासून मुंब्र्यापर्यंत ज्या पोरांचा जन्मही अलींच्या शेवटच्या फाइटनंतर वीस-पंचवीस वर्षांनी झाला, तीही मोबाइलवर त्यांच्या लढती बघतात. फुकट. परवा अशाच एका पोराने आम्हाला विचारलं, की एवढी मोठी फाइट फुकट कशी काय दाखवतात, पैसे कोण देतं? प्रश्न साधा आहे, पण उत्तर शोधत मागे गेलो तर अलींच्याही मागे जावं लागतं, जो लुईसपाशी. हेवीवेट चॅम्पियनची लढत टीव्हीवर पहिल्यांदा दिसली ती त्याची. तिकीट काढून अनेक शहरांतल्या थिएटरांच्या पडद्यावर एकाच वेळी थेट बॉक्सिंग दाखवायची सुरुवात झाली तीही त्याच्याच लढतीने. आणि या धंद्यात भरपूर कमावून कर्जबाजारी झालेला माणूसही तोच.

बॉक्सिंगमध्ये चेहऱ्यावर मारतात, त्याबद्दल आपल्या उलेमांचं मत वाचकांना माहीत आहे. त्या वादात इथे शिरत नाही. गोष्ट माणसाची आणि पैशाची आहे.

जोसेफ लुईस बॅरो हे त्याचं पूर्ण नाव. जन्म 13 मे 1914, अमेरिकेच्या अलाबामा राज्यात, लाफायेट गावाजवळ. आईबाप दुसऱ्याच्या जमिनीवर अर्धलीने कापूस पिकवणारे, घरात आठ भावंडं, हा सातवा. बाप लहानपणीच वेड्यांच्या इस्पितळात गेला. आई लिलीने दुसरं लग्न केलं. काळ्या लोकांना छळणाऱ्या क्लू क्लक्स क्लॅनच्या दहशतीला कंटाळून 1926 च्या सुमारास सगळं कुटुंब उत्तरेला डेट्रॉइटला आलं, मोटारींच्या कारखान्यांच्या शहरात. गाव सोडून कारखान्याच्या आशेने शहरात येणं काय असतं, हे कळव्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. आईची इच्छा होती पोराने व्हायोलिन शिकावं. ती शिकवणीचे पैसे द्यायची आणि पोरगा त्या पैशांतून व्यायामशाळेत बॉक्सिंग शिकायचा.

मंदीच्या दिवसांत हे कुटुंब सरकारी मदतीवर जगलं होतं. पुढे हातात पैसा आल्यावर जोने ती मदत डेट्रॉइटच्या सरकारला परत केली. कुणी मागितली नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे हाच माणूस सरकारचा थकबाकीदार म्हणून पेपरात गाजला.

4 जुलै 1934 ला शिकागोत त्याची पहिली व्यावसायिक लढत झाली. मिळाले 59 डॉलर. त्याचे दोन मॅनेजर, जॉन रॉक्सबरो आणि ज्युलियन ब्लॅक, दोघेही काळे. रॉक्सबरोचा मूळ धंदा आकड्यांचा, म्हणजे आपल्याकडचा मटकाच म्हणा. मटकेवाला असला तरी त्याला एक गोष्ट पक्की कळली होती. जोच्या आधी जॅक जॉन्सन नावाचा काळा चॅम्पियन होऊन गेला, तो गोऱ्यांना खिजवायचा, आणि त्याचा राग म्हणून पुढे वीस वर्षं एकाही काळ्या माणसाला हेवीवेट किताबाची संधी दिली गेली नाही. म्हणून जोला नियम घालून दिले. हरलेल्यावर हसायचं नाही, गोऱ्या बाईबरोबर फोटो काढायचा नाही, रिंगबाहेर तोंड बंद. पोराने ते पाळले. एका माणसाच्या चुकीची शिक्षा सगळ्या समाजाला आणि एका माणसाच्या वागण्यावर सगळ्या समाजाची इज्जत, हा हिशोब आपल्यालाही नवा नाही.

मॅनेजर काळे असले तरी स्टेडियम गोऱ्यांची. तिथे पोचायला माइक जेकब्स लागला. हा न्यूयॉर्कचा प्रमोटर, मूळचा तिकिटं ब्लॅकने विकणारा. त्याने जोला बांधून घेतलं आणि त्याच्या जोरावर बॉक्सिंगचा सगळा बाजार हातात घेतला. किताबाची संधीही फुकट मिळाली नाही. तेव्हाचा चॅम्पियन जेम्स ब्रॅडॉक लढायला तयार झाला तो या बोलीवर, की हरलो तर पुढची दहा वर्षं हेवीवेट लढतींच्या नफ्यातले 10 टक्के मला. 22 जून 1937 ला शिकागोत आठव्या फेरीत ब्रॅडॉक पडला आणि जो चॅम्पियन झाला. नंतर जवळजवळ बारा वर्षं किताब त्याच्याकडे होता. तो त्याने 25 वेळा राखला. हा विक्रम हेवीवेटमध्ये अजून कुणी मोडलेला नाही.

या काळातली सगळ्यात गाजलेली लढत 22 जून 1938 ची, न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये, जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगविरुद्ध. दोन वर्षांपूर्वी श्मेलिंगने जोला पाडलं होतं आणि हिटलरच्या लोकांनी त्याचा डंका पिटला होता. स्टेडियममध्ये 70 हजार माणसं आणि रेडिओला कान लावून बसलेले कोट्यवधी. लढत दोन मिनिटं चार सेकंदांत संपली. श्मेलिंगबद्दल एक गोष्ट नंतर समोर आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा त्याने दोन ज्यू मुलांना आपल्या खोलीत लपवून वाचवलं होतं. हा माणूस शेवटी पुन्हा येतो.

रेडिओवर फाइट फुकट ऐकायला मिळायची, तरी स्टेडियम भरायचं, कारण ऐकून भागत नसे. खरी भूक बघण्याची.

मग युद्ध आलं. जानेवारी 1942 मध्ये जो एक लढत लढला आणि आपली कमाई नौदलाच्या मदतनिधीला दिली. मार्चमध्ये दुसरी लढला, ती सैन्याच्या निधीला. जानेवारीतच तो साधा शिपाई म्हणून भरती झाला होता, आणि जवळजवळ शंभर प्रदर्शनी लढती सैनिकांसमोर फुकट लढला. त्या सैन्यात काळ्या-गोऱ्यांच्या पलटणी वेगळ्या होत्या, तरी लढला. जॅकी रॉबिन्सन, जो पुढे बेसबॉलमधला भेदभाव मोडणारा पहिला खेळाडू ठरला, त्याला अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात प्रवेश मिळावा म्हणून जोने आपलं वजन वापरलं.

इथून त्याची घसरण सुरू झाली. दान केलेली रक्कम करखात्याने जोची कमाईच धरली. म्हणजे पैसा गेला निधीला आणि त्यावरचा कर जोच्या नावावर. युद्धाची चार वर्षं कमाई बंद, खर्च चालू. तो जेकब्सकडून आणि रॉक्सबरोकडून उचल घेत राहिला. आपल्याकडे ठेकेदाराकडून उचल घेतलेला मजूर जसा दुसऱ्या हंगामात त्याच ठेकेदाराकडे बांधला जातो, तसंच. फक्त आकडे लाखांत.

19 जून 1946. यांकी स्टेडियम, समोर बिली कॉन. हेवीवेट किताबाची ही पहिली लढत जी टीव्हीवर दिसली. वाहिनी एनबीसी, जाहिरात जिलेटच्या दाढीच्या पात्यांची. जेकब्सने रिंगजवळच्या तिकिटाचा दर 100 डॉलर लावला, तोवर कधीच नसलेला. तिकिटांचे 19 लाखांवर डॉलर जमले, पण प्रेक्षक आले 45 हजारच, स्टेडियम बरंच रिकामं. टीव्ही तेव्हा मोजक्या घरांत. बाकीचे लोक दारूच्या गुत्त्यांत, दुकानाच्या काचेबाहेर उभे राहून बघत होते. तरी दीडेक लाख लोकांनी पाहिली असा अंदाज होता. आमच्यातल्या वडीलधाऱ्यांना दूरदर्शनचे दिवस आठवतात, सगळ्या चाळीत एक टीव्ही आणि रविवारी त्या खोलीत चप्पल ठेवायला जागा नसायची. तसंच ते.

आठव्या फेरीत कॉन पडला. जोच्या वाट्याला सहा लाखांहून जास्त डॉलर आले. मग रांग लागली. मॅनेजरचा हिस्सा, जेकब्सची उचल, रॉक्सबरोची उचल, घटस्फोटित बायकोचा वाटा, आणि शेवटी कर. हातात नावापुरतं उरलं. त्या काळी अमेरिकेत मोठ्या कमाईच्या वरच्या हिश्श्यावर 90 टक्क्यांच्या आसपास कर होता, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर. टीव्हीला बॉक्सिंग एवढं का आवडलं? रिंग लहान. क्रिकेट, फुटबॉलला मैदानभर कॅमेरे फिरवावे लागतात, इथे दोन कॅमेरे आणि डोक्यावर दिवा, काम झालं. माणसं दोनच, छोट्या धूसर पडद्यावरही ओळखू येतात. तीन मिनिटं लढत आणि एक मिनिट विश्रांती. ते एक मिनिट जणू जाहिरातवाल्यासाठीच देवाने बनवलेलं. जिलेटने शुक्रवारची रात्र धरली, पॅब्स्ट या बिअर कंपनीने बुधवारची. बघणारे बहुतेक पुरुष, म्हणजे पातीही विकली जातात आणि बिअरही. प्रेक्षकाला फुकट, कारण इथे विकला जाणारा माल प्रेक्षकच. त्याचे डोळे कंपनीला विकले जातात. मुस्लिम घरात बसून त्या काळी कुणी ती फाइट बघितली असती, तर तिचे पैसे बिअरवाल्याने भरलेले असते, हेही नोंदवायला हवं.

आपल्याकडे फुकट कुस्ती नवीन नाही. गावच्या उरुसात, जत्रेत फड लागतो, हलगी वाजते, हजारो माणसं मातीच्या कडेला बसतात, तिकीट कुणालाच नाही. इनाम येतं वर्गणीतून, एखाद्या सावकाराच्या, पुढाऱ्याच्या नावाने लावलेल्या रकमेतून. पण तिथे बघणारा गावातच असतो, पैलवान गावातून उठून तालमीत जातो, आणि पैसे देणाऱ्याला लोकांनी वर्षभर नाव घ्यावं एवढंच हवं असतं. टीव्हीच्या जाहिरातवाल्याला दर आठवड्याला नवी फाइट लागते. त्याला कोण जिंकलं याच्याशी घेणंदेणं नाही, लोक बसून राहिले पाहिजेत. म्हणून बचाव करून शहाणपणाने लढणारा नको, धडाधड मारणारा आणि मार खाणारा हवा. एकदा टीव्हीवर वाईट हरला की त्याचं बाजारमूल्य संपलं, दुसरा आणा.

दुसरा कुठून आणणार? शहराशहरांत छोटे बॉक्सिंग क्लब होते, तिथे नवशिके शंभर-दोनशे लोकांसमोर लढत शिकायचे. घरात फुकट चॅम्पियन दिसत असताना पैसे देऊन नवशिका बघायला कोण जाणार? दहाएक वर्षांत त्यांतले बहुतेक क्लब बंद पडले. टीव्हीने झाडाची फळं तर खाल्लीच, मुळंही उपटली. अर्धवट तयार झालेली पोरं कॅमेऱ्यासमोर ढकलली जाऊ लागली.

या व्यवस्थेचा पाया घालण्यात जो लुईसचा हात होता, आणि हे लपवायचं कारण नाही. डिसेंबर 1946 मध्ये जेकब्सला पक्षाघात झाला, बाजार मोकळा झाला. जो थकला होता, पस्तिशीला टेकला होता, आणि करखातं दारात. 1949 च्या मार्चमध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. पण आधी एक सौदा केला. किताबासाठी लायक अशा चार बॉक्सरांकडून, एझर्ड चार्ल्स, जर्सी जो वॉलकॉट, ली सॅव्होल्ड आणि गस लेस्नेविच, त्याने फक्त आपल्याच नावाने करार करून घेतले, त्यात रेडिओ, टीव्ही, फिल्मचे हक्कही होते. मग ते करार जेम्स नॉरिस आणि आर्थर विर्ट्झ या धनिकांना विकले. मोबदला दीड लाख डॉलर रोख, वर्षाला 15 हजारांची नोकरी आणि कंपनीत थोडा हिस्सा. कंपनीचं नाव इंटरनॅशनल बॉक्सिंग क्लब.

मोठी स्टेडियम आधीच नॉरिसच्या हातात होती, आता माणसंही आली. जो त्याच्याशी करार करणार नाही त्याला किताबाची संधी नाही. 1949 ते 1953 मध्ये अमेरिकेत झालेल्या किताबाच्या 44 लढतींपैकी 36 या एका कंपनीच्या होत्या. सरकारने मक्तेदारीचा खटला भरला. कोर्टात हिशोब उघडा पडला, की या धंद्याचं चौथा हिस्सा उत्पन्न तरी टीव्ही, रेडिओ, फिल्मच्या हक्कांतून येतं, कधीकधी तर तिकिटांपेक्षा जास्त. पडद्यामागे फ्रँकी कार्बो नावाचा गुंड बॉक्सरांचे मॅनेजर ठरवत होता. 1959 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडण्याचा हुकूम कायम केला. कार्बो पुढे तुरुंगात गेला. जोने हे सगळं ठरवून केलं असं आम्हाला वाटत नाही. त्याला रोख हवी होती. पण एका काळ्या पोराने वर यायला जी दारं स्वतः एवढ्या कष्टाने ठोठावली, त्यांची किल्ली त्याने दीड लाखाला विकली, हे खरंच आहे.

आणि त्या दीड लाखाने भागलं नाही. थकबाकीवर व्याज, व्याजावर दंड. आपल्या घरांत व्याजाला सूद म्हणतात आणि त्याच्यापासून लांब राहायला का सांगितलं आहे हे जोचा हिशोब मांडला की कळतं. समजा पाच लाख थकले आहेत. ते फेडायला लढायचं. लढून एक लाख मिळाले तर त्यातला मोठा भाग या वर्षीच्या करातच जाणार. जुन्या मुद्दलाला हात लागतच नाही आणि तिकडे व्याज चढत राहतं. म्हणजे जितका लढेल तितका रुतेल. तरी लढणं भाग.

27 सप्टेंबर 1950 ला तो परतला, समोर एझर्ड चार्ल्स, ज्याचा करार त्यानेच विकला होता. यांकी स्टेडियममध्ये माणसं आली सुमारे 22 हजार. चार वर्षांपूर्वीच्या निम्मी. बाकीचे कुठे होते? घरी, टीव्हीसमोर. फुकट बघणारे कोटींच्या घरात होते. पंधरा फेऱ्या मार खाऊन जो हरला.

पुढच्या वर्षी प्रमोटरांनी उलटा प्रयोग केला. 15 जून 1951 ला जो विरुद्ध ली सॅव्होल्ड ही लढत घरच्या टीव्हीवर दाखवलीच नाही. सहा शहरांतल्या मोजक्या सिनेमागृहांत तार टाकून पडद्यावर दाखवली, तिकीट लावून. थिएटरं भरली. धंद्याला रस्ता सापडला, मोठी फाइट पैसे घेऊन आणि किरकोळ फाइट फुकट. अलींच्या काळात याच रस्त्याने कोट्यवधी आले. 1971 ला अली आणि फ्रेझर यांना प्रत्येकी 25 लाख डॉलर मिळाले ते या थिएटरांच्या जिवावर. आज केबलवर, मोबाइलवर एका फाइटचे वेगळे पैसे मागतात तेही त्याचंच नातवंड.

26 ऑक्टोबर 1951, शुक्रवार. रॉकी मार्सियानोने आठव्या फेरीत 37 वर्षांच्या जोला दोरांमधून बाहेर पाडलं. ही मात्र फुकट दिसली.

आपल्याकडे हाच खेळ क्रिकेटमध्ये झाला, उलट्या बाजूने. 1993 पर्यंत सामना दाखवावा म्हणून क्रिकेट बोर्डच दूरदर्शनला पैसे मोजायचं. मग हक्क विकायला निघाले, भांडण कोर्टात गेलं, आणि 1995 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हवेतल्या लहरींवर सरकारची मक्तेदारी नाही. पुढे 2007 ला कायदा झाला की राष्ट्रीय महत्त्वाचे सामने दूरदर्शनलाही द्यावेत. गरिबाच्या घरी फुकट डिशवर भारताची मॅच दिसते ती त्यामुळे. बॉक्सिंगला अमेरिकेत असा कायदा मिळाला नाही, बाजाराने जे ठरवलं ते झालं. 1962 मध्ये बेनी पॅरेट नावाच्या बॉक्सरला टीव्हीवर लाखो लोकांसमोर एवढा मार बसला की दहा दिवसांनी तो मेला. दोन वर्षांत दर आठवड्याचं फुकट बॉक्सिंग बंद झालं. सत्तरच्या दशकात जाहिरातीचा पैसा फुगला तेव्हा ते परत आलं. सप्टेंबर 1977 ला अली शेव्हर्सशी लढले ते एनबीसीवर फुकट. प्रेक्षक खिळून राहावेत म्हणून वाहिनीने प्रत्येक फेरीचे गुण पडद्यावर दाखवले. अलींना मिळाले 30 लाख डॉलर आणि पंधरा फेऱ्या शेव्हर्सचे ठोसे.

जोकडे वळू. त्याने रिंगमध्ये एकूण 46 लाख डॉलर कमावले असं धरतात, त्याच्या स्वतःच्या हातात आले आठेक लाख. सगळा दोष दुसऱ्यांचा म्हणणं बरोबर नाही. पैसा त्याच्याजवळ टिकत नसे. हॉटेल काढलं, सरबताची कंपनी काढली, गोल्फमध्ये पैजा लावल्या, दारात आलेल्याला नाही म्हटलं नाही. हिशोब कधी स्वतः बघितला नाही, सह्या केल्या. 1953 ला आई गेली, तिने त्याच्यासाठी 667 डॉलर ठेवले होते, तेही करखात्याने उचलले. थकबाकी दहा लाखांच्या वर गेली. मग तो नाटकी कुस्त्या लढला, टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेत बसला. साठच्या दशकाच्या सुरुवातीला करखात्याने जुन्या थकबाकीचा पाठलाग सोडला, चालू कमाईवरच कर घेऊ लागले. तिसरी बायको मार्था वकील होती, तिने घर सावरलं. 1970 ला त्याला मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. शेवटी लास वेगासच्या एका जुगारखान्याच्या हॉटेलात, सीझर्स पॅलेसमध्ये, येणाऱ्या पाहुण्यांशी हात मिळवण्याची नोकरी.

अलींचं आणि त्याचं आधी जमलं नाही. इस्लाम स्वीकारलेल्या, सैन्यात जायला नकार दिलेल्या अलींवर जोने जाहीर टीका केली होती आणि अलींनीही त्याला टोकाचं बोलून घेतलं होतं. आमच्या मते इथे जो चुकला. ज्या सरकारला त्याने आपली कमाई दिली त्याच सरकारने त्याला नागवलं, तरी तो त्याच्याच बाजूने बोलला. म्हातारपणी दोघांमधली कटुता गेली.

11 एप्रिल 1981 ला सीझर्स पॅलेसमध्ये लॅरी होम्सची किताबाची लढत होती. जो चाकाच्या खुर्चीत बसून ती बघायला आला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी, 12 तारखेला, हृदयविकाराने तो गेला, वय 66. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी नियम शिथिल करून त्याला आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत जागा दिली. दफनाच्या खर्चाला ज्यांनी हातभार लावला त्यांत एक नाव मॅक्स श्मेलिंगचं होतं.